‘टुटू’: आफ्रिकेचा अभिमान, की राजघराण्याचं आणखी एक देखणं चित्र?

रंगवेडा: नायजेरियाचे चित्रकार बेन एनवोन्वू (१९१७–१९९४) यांचं ‘टुटू’ बघताना मला आफ्रिकी माणूस प्रथमच स्वतःच्या नजरेतून दिसतो. नायजेरियातल्या इफे शहराच्या योरुबा समाजाच्या राजघराण्यातली आडेटुटू (टुटू) आडेमिलुयी त्यांना वाटेत दिसली. मग तिचा शोध, घरच्यांची मनधरणी, यात कित्येक महिने गेले. १९७३–७४ मध्ये त्यांनी ती तीनदा रंगवली. ती लांब मान, सावळ्या गालावरचा उजेड आणि ती नजर बघा. ती कोणाची दयामाया मागत नाही.

सडेतोड: सहमत नाही. एनवोन्वू लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकले, १९५७ मध्ये राणी एलिझाबेथचा ब्राँझ पुतळा केला. तैलरंग युरोपचे, बैठक युरोपची. आणि अस्मिता दाखवायला राजकन्याच हवी? लागोसच्या बाजारातली मासळी विकणारी का नको?

अबोली: तंत्राचा मुद्दा मला पटत नाही. रविवर्म्याने तैलरंगात काढलेली लक्ष्मी आपल्या घराघरांत गेली, तिला परकी कोण म्हणतं? ‘टुटू’च्या छापील प्रतीही नायजेरियात कितीतरी घरांत लागल्या. शिवाय एनवोन्वूंचे वडील नायजेरियातल्या ओनित्शा गावचे मूर्तिकार. हात आधी तिथे घडला, स्लेड नंतर.

सडेतोड: रविवर्म्यावरही हाच आक्षेप आहे: गोऱ्यापान, उच्चवर्णीय वाटणाऱ्या देव्या. घराघरांत पोचलं म्हणून प्रश्न सुटत नाही.

रंगवेडा: राजकन्येबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण काळ बघा. बियाफ्रा म्हणून वेगळं होऊ पाहणाऱ्या पूर्व नायजेरियाचं यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं. त्यात तिथल्या इग्बो समाजाचे अतोनात हाल झाले. एनवोन्वू स्वतः इग्बो. तीनच वर्षांनी ते योरुबा मुलीला एवढ्या मायेनं रंगवतात. म्हणून तर नायजेरियन लोक या चित्रात समेट बघतात.

सडेतोड: समेटाचा अर्थ बघणाऱ्यांनी दिला, तो मोलाचाच आहे. पण तिन्हींपैकी १९७४ चं हरवलेलं मूळ चित्र कुठे सापडलं? लंडनच्या एका फ्लॅटमध्ये. २०१८ च्या लिलावात १२ लाख पौंडांना गेलं, तेही लंडनमध्येच. लागोसच्या संग्रहालयाबाहेर त्यांचा ‘अन्यांवू’ हा ब्राँझ पुतळा आजही उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसतो. अस्मिता म्हणायची तर मी त्याला म्हणेन.

अबोली: ‘अन्यांवू’ थोर आहेच. पण ती इग्बो परंपरेतली सूर्याची कल्पना आहे. टुटू ही नावगाव असलेली, हाडामांसाची बाई आहे. वसाहतीच्या काळात युरोपीय छायाचित्रकारांनी आफ्रिकी बायकांचे ढिगाने फोटो काढले, खाली नुसतं जमातीचं नाव. इथे चित्राचं नावच तिचं आहे.