मदत हवी आहे: घरभराच्या फोन-लॅपटॉपसाठी एकच यूएसबी चार्जर घ्यावा का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात माणसं पाच आणि रोज चार्जिंगला लावायच्या वस्तू आठ. माझा ऑफिसचा लॅपटॉप (टाइप सी, अडॅप्टरवर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर लिहिलंय), मुलीचा जुना गोल पिनचा लॅपटॉप, मुलाचा टॅब, माझा सॅमसंग, नवऱ्याचा वनप्लस, मुलीचा आयफोन १३, सासऱ्यांचा बटणांचा फोन आणि त्यांच्या कानाच्या मशिनची डबी.

हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाजवळ एकच सॉकेट आहे. त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावलाय आणि त्यावरच सगळा कारभार चालतो. गेल्या दिवाळीत एका दुकानातून पाच तोंडांचा चार्जर आणला, चार सी आणि एक जुनं चौकोनी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०० वॅट. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं की माझा लॅपटॉप लागलेला असताना मुलाने टॅब लावला की लॅपटॉपचं चार्जिंग तुटतं, स्क्रीन एकदम मंद होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते. कधी कधी येतच नाही, वायर काढून पुन्हा खोचावी लागते. मी घरून अकाउंट्सचं काम करते. महिनाअखेरीला हे दिवसातून दहा वेळा झालं तर डोकं ठिकाणावर राहत नाही.

पण धागा काढण्याचं खरं कारण वेगळं आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत घेऊन गेले. आदल्या रात्री मशिनची डबी या चार्जरला मीच लावली होती. पण ती चार्ज झालीच नाही, आणि डबीवरचा हिरवा दिवा लागलेला नाही हे मी पाहिलं नाही. काउंटरवरून त्यांचं नाव तीनदा पुकारलं. बाबा समोरच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं आणि चारचौघांत विचारायचं नव्हतं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

तर प्रश्न असे. सगळ्यांना पुरेल असा एक चांगला चार्जर घ्यावा की दोन? किती वॅटचा? डबी या चार्जरवर का चार्ज होत नाही? डबीसोबत आलेल्या वायरने ती व्यवस्थित होते. आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या एका भोकाजवळ तपकिरी डाग पडलाय, थोडा वासही येतो. हे चार्जरमुळे होत असेल का?

प्रतिसाद, गंगापूर रोड

आधी वॅटचा हिशेब सांगतो, कारण खोक्यावरचा आकडा बघून बहुतेकांची फसगत होते. १०० वॅट हा सगळ्या तोंडांचा मिळून आकडा असतो. एका तोंडातून किती मिळतात आणि दोन-तीन भरली की वाटणी कशी होते, ते मागे बारीक अक्षरांत किंवा आतल्या कागदावर असतं. उदाहरणार्थ, बाजारातल्या बऱ्याच ६५ वॅटच्या तीन तोंडांच्या चार्जरमध्ये एकट्या पहिल्या सीला ६५ मिळतात. दुसरं सी भरलं की पहिल्याला ४५ आणि दुसऱ्याला २० राहतात. तिसरं भरलं की खालच्या दोघांना मिळून १५ च्या आसपास. हा तक्ता ज्या खोक्यावर नाही तो चार्जर मी तरी घेणार नाही.

आता लॅपटॉप का तुटतो ते. पॉवर डिलिव्हरी म्हणतात त्या पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलून ठरवतात, ५, ९, १५ की २० व्होल्ट आणि किती अँपिअर. दुसरी वस्तू लावली की चार्जरला वाटणी बदलावी लागते, म्हणून तो पहिल्याशी पुन्हा बोलणी करतो. चांगल्या चार्जरमध्ये हे क्षणात उरकतं, हलक्यात सगळी तोंडं एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतात. पण थोडाफार खंड चांगल्यातही पडतो. म्हणून माझं मत सरळ आहे: ऑफिसचा लॅपटॉप त्याच्या मूळ अडॅप्टरवरच ठेवा. तो वेगळा झाला की बाकीच्या वस्तूंना ६५ वॅट भरपूर होतात.

प्रतिसाद, कॉलेज रोड

वरच्यांशी सहमत. वायरबद्दल थोडं: साध्या सी-ते-सी वायरमधून ३ अँपिअरच जातात. २० गुणिले ३, म्हणजे ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची वायर लागते, तिच्या टोकात ओळख सांगणारी चिप असते. तुमच्या लॅपटॉपला ३.२५ अँपिअर लागतात. त्यामुळे चार्जर कितीही मोठा घेतला तरी साध्या वायरने ६५ मिळणार नाहीत. सॅमसंगसाठी चार्जरवर 'पीपीएस' (व्होल्टेज बारीक टप्प्यांत बदलण्याची सोय) लिहिलेलं आहे का बघा. त्याशिवाय त्यांचं २५ वॅटचं चार्जिंग चालू होत नाही, फोन हळू भरतो. वनप्लसची पद्धत त्यांची स्वतःची आहे. दुसऱ्या बहुतेक चार्जरवर तो त्याच्या लाल वायरच्या वेगाने भरणार नाही. रात्रभर लावत असाल तर काही बिघडत नाही. आयफोन १३ ला सी-ते-लायटनिंग वायर लागेल. सी तोंड १५ पासून पुढच्यांना आलंय.

प्रतिसाद, सातपूर

मी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. ताई, चार्जर नंतर घ्या. आधी तो तपकिरी डाग.

१०० वॅटचा चार्जर पूर्ण भरात चालला तरी भिंतीतून साधारण ११० वॅट ओढेल. २३० व्होल्टला म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही. साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. अर्ध्या अँपिअरने ते जळत नाही. प्लास्टिक तपकिरी होतं ते दोन कारणांनी: आतली पितळी पत्ती सैल होऊन पिनेला नीट धरत नाही आणि तिथे ठिणग्या पडतात, नाहीतर त्या बोर्डावर कुणीतरी जड वस्तू लावतं. बोर्डावर आणखी काय काय लागतं ते सगळं लिहा. इस्त्री? मिक्सर? आणि चार्जर लावल्यावर खाली झुकतो का, हाताने हलवला तर हलतो का, तेही बघा. तोवर ते भोक वापरू नका.

धागाकर्ती

आत्ता बघून लिहिते. चार्जर झुकतो. मुलाने त्याच्याखाली वहीच्या पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती, मला आजच दिसली. आणि दादा, इस्त्री नाही, पण बाबांची गरम पाण्याची किटली त्याच बोर्डावर आहे. थंडीत त्यांना दर तासा-दोन तासांनी गरम पाणी लागतं. स्वयंपाकघरात उठून जायला नको म्हणून आम्हीच टेबलावर आणून ठेवली. बुडाखाली १५०० वॅट लिहिलंय. डाग तिच्याच भोकाजवळ आहे.

प्रतिसाद, सातपूर

मग सापडलं. १५०० भागिले २३०, साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या बोर्डावर दिवसातून आठ-दहा वेळा. चार्जर बिचारा शेजारी बसून त्याच उष्णतेत शिजतोय. किटली आजच स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर न्या. एक्स्टेंशन बोर्ड दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या. भिंतीतलं सॉकेटही वायरमनला बोलावून उघडून बघा. मागची वायर कडक झाली असेल किंवा तिच्यावरचं आवरण काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन सॉकेट बसवायला सांगा. वायरमन येईल तेव्हा मेन बंद करायला सांगायची लाज बाळगू नका. काही जण घाईत तसंच काम करतात.

नवीन चार्जर घेताना भिंतीत खोचायचा जड ठोकळा घेऊ नका. जुन्या सॉकेटांमध्ये तो स्वतःच्या वजनानेच पत्ती सैल करतो. टेबलावर ठेवायचा, वेगळी पॉवर वायर असलेला मिळतो. तीन पिनांचा असेल तर उत्तम. हल्ली गॅन, म्हणजे गॅलियम नायट्राइडवाले आलेत. तेवढ्याच वॅटला आकाराने लहान असतात आणि कमी तापतात. पण गॅन लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्यावर 'आर'ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नंबर बघा. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या कंपनीची नोंदणी आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद, पंचवटी

मशिनच्या डबीबद्दल विचारतो, कारण माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. तुम्ही डबी कुठल्या वायरने लावली होती? दोन्ही टोकं सी असलेल्या?

धागाकर्ती

हो. माझ्या फोनची वायर लावली होती, सी-ते-सी. डबीसोबत आलेली वायर एका बाजूने जुनी चौकोनी आहे, ती बाबांच्या खोलीत जुन्या अडॅप्टरला असते.

प्रतिसाद, पंचवटी

मग डबी बिघडलेली नाही आणि तुमच्या चार्जरचाही यात दोष नाही. सी तोंडातून वीज आपोआप बाहेर पडत नाही. पलीकडे वस्तू लागली आहे अशी खूण मिळाली तरच चार्जर ५ व्होल्ट सोडतो. ही खूण म्हणजे वस्तूच्या तोंडाशी बसवलेले दोन छोटे रेझिस्टर. बऱ्याच लहान वस्तूंमध्ये, ट्रिमर, टॉर्च, अशा डब्या, कंपन्या ते बसवतच नाहीत. तोंड सीचं दिसतं, पण चार्जरला पलीकडे काहीच दिसत नाही, म्हणून तो गप्प बसतो. जुन्या चौकोनी ए तोंडात मात्र ५ व्होल्ट कायम असतात, खूण लागत नाही. म्हणून ए-ते-सी वायरने ती डबी कुठेही चार्ज होईल.

सध्या सगळीकडे नुसत्या सी तोंडांचे चार्जर येताहेत आणि दुकानदार 'आता ए कोण वापरतं' म्हणतात. तुमच्या घराला किमान एक ए तोंड हवंच. बाबांचा बटणांचा फोनही त्यावरच लागेल.

प्रतिसाद, सिडको

मुलीच्या गोल पिनच्या लॅपटॉपसाठी सी-ते-गोल-पिन अशा कनेक्टरच्या वायरी मिळतात. काहींच्या चालतात, काहींचे लॅपटॉप मधल्या बारीक पिनेतून अडॅप्टर ओळखतात आणि अनोळखी दिसला की बॅटरी भरतच नाहीत. दोनशे-तीनशे रुपयांसाठी लॅपटॉपवर प्रयोग करू नका. मूळ अडॅप्टर चालू आहे ना? मग राहू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचवटीच्या दादांचं वाचल्यावर लगेच उठून डबीला तिचीच वायर लावली आणि त्याच पाच तोंडी चार्जरच्या चौकोनी तोंडात खोचली. दिवा लागला. बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "म्हणजे मी नीट बंद केली नव्हती असं नाही ना?" इतके दिवस ते स्वतःलाच दोष देत होते आणि मी मला.

धागाकर्ती, दहा दिवसांनी

काय केलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

वायरमन येऊन गेला. सॉकेटच्या मागची एक वायर खरंच बोटभर काळी पडली होती. त्याने ती कापून काढली, नवीन सॉकेट बसवलं, शेजारी दुसरंही दिलं. आता टेबलाजवळ एक्स्टेंशन बोर्ड नाही. किटली स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटवर गेली. बाबांच्या टेबलावर आता मोठा थर्मास असतो, सकाळी आणि दुपारी मी भरून ठेवते.

चार्जरसाठी एमजी रोडला गेले. पहिल्या दोन दुकानांत वाटणीचा तक्ता विचारला तर "मॅडम, सगळं फास्ट चालतं" एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने स्वतःहून खोकं फोडून आतला कागद दाखवला. ६५ वॅटचा घेतला, टेबलावर ठेवायचा, दोन सी आणि दोन ए, पीपीएस आहे. नंबर ॲपवर टाकून बघितला, कंपनीचं नाव जुळलं. रात्री दोन सीवर टॅब आणि माझा फोन. एका एवर डबी. दुसऱ्यावर आधी बाबांचा फोन, मग कुणाचा असेल तो. आयफोन मुलगी सकाळी अंघोळीला जाताना सीवर लावते, निघेपर्यंत पुरेसा भरतो. वनप्लस आणि दोन्ही लॅपटॉप आपापल्या अडॅप्टरवर. महिनाअखेर एकदाही न तुटता पार पडली.

डबीच्या वायरला मी लाल दोरा बांधलाय आणि ती तोंडातून काढायची नाही असं सगळ्यांना सांगितलंय. झोपायच्या आधी बाबा स्वतः येऊन हिरवा दिवा बघतात.

आता एक शेवटचा प्रश्न. जुना पाच तोंडी चार्जर आणि तो जळका बोर्ड घंटागाडीत तसाच टाकायला मन होत नाही. इंदिरानगर, सिडको भागात असा ई-कचरा कुणी घेतं का? कुणी स्वतः देऊन आलं असेल तर कृपया सांगा.