ऑफिसचा कॉम्प्युटर टिकटिक करतोय

शुक्रवार

बी-३०२ ताई, रात्री ८:१२
सेक्रेटरी भाऊ, आज तिसरा दिवस. थकबाकी नसल्याचा दाखला सोमवारी बँकेत द्यायचाय. तुम्ही पाठवलेली फाईल मोबाईलवर उघडली तर एक अक्षर मराठी नाही. ‘सोसायटी’च्या जागी एल के एस एल के, मग अर्धविराम, मग व्ही एच. बँकेतल्या मॅडमना दाखवायची लाज वाटली.

सेक्रेटरी भाऊ, ८:२०
ताई, फाईल बरोबर आहे. तुमच्या मोबाईलमध्ये फॉन्ट नाही. प्रिंटच देणार होतो, पण दुपारपासून कॉम्प्युटर अडकलाय. गोल फिरत राहतो आणि आतून टिकटिक आवाज येतो. एवढ्या उन्हात त्यालाही घाम फुटला असेल 😄

ए-१०१ नाना, ८:२१
टिकटिक?? भाऊ, आत्ताच्या आत्ता बंद करा. हार्ड डिस्क जायला टेकलीय. जेवढी चालू ठेवाल तेवढी आणखी खराब होईल. आधी कॉपी, मग बाकी सगळं.

सी-४०४ दादा, ८:२६
मशीनच जुनं झालंय. २०१४ चं आहे, चौथ्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मी सभेत सांगितलं होतं.

खजिनदार जिभाऊ, ८:३१
सांगितलं होतं आणि ४० हजारांचं कोटेशनही आणलं होतं. लिफ्टचा दोर तेव्हाच बदलायचा होता.

सी-४०४ दादा, ८:३३
४० नाही जिभाऊ, ३२. आणि फुकटचा मार्गही सांगितला होता. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट देते, ४ जीबीत नीट चालते. जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकली की हेच मशीन पळेल.

बी-१०३ काकू, ८:३४
पाण्याची टाकी कधी धुणार? मंगळवारी विचारलं होतं.

सेक्रेटरी भाऊ, ८:३८
दादा, लिनक्सवर माझं कृतिदेव चालेल का?

सी-४०४ दादा, ८:३९
फॉन्ट टाकता येतो. पण कृतिदेव सोडा आता भाऊ.

सेक्रेटरी भाऊ, ८:४५
सोडा म्हणजे? मी टाइपरायटरवर मराठी ४० ची परीक्षा पास झालोय. डोळे मिटून बोटं जागेवर जातात. ११ वर्षं एक रुपया न घेता नोटिसा, इतिवृत्तं, हिशेब टाइप करतोय. ज्यांना जमतं त्यांनी उद्यापासून करावं.

बी-३०२ ताई, ८:४७
भाऊ, तुमच्या कामाबद्दल कोणी काही बोललेलं नाही. मला फक्त दाखला हवाय.

ए-१०१ नाना, ८:४८
आधी कॉपी. कॉम्प्युटर बंद केला का? कोणीतरी उत्तर द्या.

सी-२०१ बापू, ८:५२
काय भो नाना, एवढं काय घाबरता. फॉरमॅट मारा, एका तासात नवाकोरा. माझ्या भाच्याने घरचा तसाच केला. नाहीतर चेकडिस्क चालवून बघा.

ए-१०१ नाना, ९:०१
बापू, हात जोडतो. फॉरमॅट नाही, चेकडिस्क नाही. चेकडिस्क पूर्ण डिस्क घासून वाचते आणि तिच्यावर लिहितेसुद्धा. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढंच पुरतं. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो असेच गेले. दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारली आणि वर म्हणाला, ‘काका, आता एकदम फास्ट.’ तिच्या आईचा त्यानंतर चांगला फोटो निघालाच नाही. आज भिंतीवर आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे.

बी-३०२ ताई, ९:०३
🙏

सेक्रेटरी भाऊ, ९:०४
बंद केलाय नाना. सॉरी, आधीच सांगायला हवं होतं.

ए-१०१ नाना, ९:०६
वायर पण काढा. सकाळी कोणी चुकून सुरू करू नये. बॅकअप कुठे आहे?

सेक्रेटरी भाऊ, ९:०९
डी ड्राईव्हमध्ये.

सी-४०४ दादा, ९:१०
भाऊ, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. घराला आग लागली तर दुसऱ्या खोलीतलं कपाट वाचत नाही.

खजिनदार जिभाऊ, ९:११
बठ्ठं गयं का मंग? २०१५ पासूनचा सिंकिंग फंड, मेंटेनन्स, सगळं त्यातच आहे. ऑडिटरला काय सांगू?

सी-४०४ दादा, ९:१५
अजून गेलेलं नाही. पण यूपीएसचं काय झालं? लाईट गेली की मशीन धाडकन बंद होतं, असं रोज झालं तर डिस्क टिकेल कशी?

सेक्रेटरी भाऊ, ९:१८
यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेली आहे. बिल मी दोनदा दिलं. मंजुरी कुठे अडकली ते खजिनदारांना विचारा.

खजिनदार जिभाऊ, ९:२०
बिल नव्हतं, चिठ्ठी होती. जीएसटी क्रमांकाशिवाय मी पैसे सोडत नाही. सोसायटीचा पैसा आहे, माझ्या घरचा नाही.

बी-१०३ काकू, ९:२१
टाकीला पण जीएसटी लागतो का?

सी-२०१ बापू, ९:२२
😂😂 काकू, रविवारी गच्चीवर भरीत ठेवू, तिथे हा प्रश्न घ्या.

ए-१०१ नाना, ९:२४
भरीत नंतर. आधी कॉपी. दादा, उद्या सकाळी माझ्याकडे घेऊन ये. माझ्याकडे १ टीबीची बाहेरची डिस्क रिकामी आहे. विंडोज सुरूच करायचं नाही, मिंटच्या पेनड्राईव्हवरून मशीन उठवायचं आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची कॉपी काढणारं सॉफ्टवेअर लावायचं. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं, मग सवडीने परत येतं. आपण लोक खराब जागेवरच हट्ट धरून बसतो.

सी-४०४ दादा, ९:२६
सातला येतो नाना.

सी-४०४ दादा, ९:४०
आणि भाऊ, मघाशी मी तोडून बोललो. नीट सांगतो. कृतिदेवमध्ये आत मराठी नसतंच. आत इंग्रजी एल असतो आणि फॉन्ट त्यावर ‘स’चं चित्र काढतो. फॉन्ट नसला की चित्र जातं, एल उरतो. ताईंना तेच दिसलं. युनिकोडमध्ये ‘स’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून हा मेसेज सगळ्यांच्या फोनवर मराठीत दिसतोय. तुमची टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही मिळते. बोटं जिथे जातात तिथेच जातील.

सेक्रेटरी भाऊ, ९:५२
असं आहे होय. हे आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही. सगळे नुसतं ‘जुनं झालं, सोडा’ म्हणतात. जोडाक्षरं पण तशीच?

सी-४०४ दादा, ९:५४
थोडी सवय लागेल. मी बसतो तुमच्याजवळ. जुन्या फाईली कन्व्हर्टरने बदलतील, पण ‘र’फार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते.

शनिवार

ए-१०१ नाना, सकाळी ७:५०
सुरू केलंय. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर बोटभर धूळ. डिस्कला हात लावला तर चटका. कूलर थेट तिच्याकडे वळवलाय, आम्ही दोघं घामात.

बी-२०४ अक्का, ७:५८
पन्हं पाठवते दोघांना.

सी-२०१ बापू, ११:१५
झालं का? नाहीतर भाच्याला बोलावू.

ए-१०१ नाना, ११:१६
बापू, नको. चाललंय. घाई करायची नाही.

बी-१०३ काकू, दुपारी १:०५
टाकी?

सेक्रेटरी भाऊ, १:१०
काकू, मंगळवारी नक्की. माणूस ठरवलाय.

सी-४०४ दादा, संध्याकाळी ६:३२
कॉपी झाली. मूळ डिस्कला आता हात लावायचा नाही. सगळी वर्षं उघडतात, फक्त २०१७-१८ च्या मेंटेनन्सच्या दोन शीट तुटल्या आहेत. एक प्रत नानांकडे, एक जिभाऊंच्या पेनड्राईव्हमध्ये, तिसरी आज रात्री सोसायटीच्या ऑनलाइन ड्राईव्हवर चढवतो. पासवर्ड समितीतल्या दोघांकडे असू दे, एकट्याकडे नको.

खजिनदार जिभाऊ, ६:४०
नाना, दादा, उपकार झाले. एसएसडी आणि यूपीएसची बॅटरी दोन्हीचं पक्कं बिल आणा, सोमवारी चेक देतो. भाऊ, त्या चिठ्ठीवरून मी तेव्हा जरा जास्तच बोललो.

बी-२०४ अक्का, ६:४४
२०१७ ला खजिनदार आमचे हे होते ना. तेव्हाच्या पावत्यांची पुस्तकं बिस्किटाच्या डब्यात आहेत. यांच्या अक्षरातली, म्हणून टाकवली नाहीत.

ए-१०१ नाना, ६:४६
अक्का, तशीच ठेवा. मी आणि दादा घरी येऊन एकेका पानाचा फोटो काढतो.

बी-३०२ ताई, ६:५०
सगळ्यांचे आभार. आणि माझा दाखला?

सेक्रेटरी भाऊ, ६:५३
लेटरहेडवर हाताने लिहिलाय ताई. शिक्का मारला, सही केली. वॉचमनकडे पाकीट ठेवलंय.