रोजच्या प्रवासासाठी जुनी पोलो जीटी घ्यावी का?

प्रश्न : मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतो आणि नोकरीसाठी रोज सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत जातो. सहा लाखांच्या आत चालवण्याचा आनंद देणारी गाडी हवी असून २०१६ सालची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिनाची) पाहिली आहे. द्वारका चौकातील कोंडीत रोज सापडणाऱ्याने ती घ्यावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद : इंजिन उत्तम आहे; खरा प्रश्न गिअरबॉक्सचा आहे. त्या वर्षीच्या गाडीत सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी (स्वयंचलित गिअरबॉक्स) येतो आणि कोंडीत गाडी इंचाइंचाने पुढे सरकवताना क्लच अर्धवट घसरत राहिल्यामुळे तापतो व लवकर झिजतो. म्हणून गाडी अर्धा तास शहरात फिरवून गरम झाल्यावर पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात का, हे अवश्य पाहा. या गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारे मेकॅट्रॉनिक युनिट बिघडल्यास खर्च फार मोठा येतो, त्यामुळे तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० नंतरच्या स्वयंचलित १.० टीएसआय पोलोमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (अशा क्लचऐवजी द्रवाद्वारे शक्ती पोहोचवणारा गिअरबॉक्स) आहे. बजेट थोडे वाढवता आले, तर मी तीच निवडेन.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे. गाडी परराज्यातील असल्यास तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज फिटल्याची नोंद तपासल्याशिवाय विसार देऊ नये.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. रविवारी गाडी गरम करूनच चालवून पाहतो.