मदत हवी आहे: मीडिया स्टडीजच्या पेपरात नुसतं वर्णन होतं, विश्लेषण जमत नाही

नमस्कार मंडळी, अकरावीला मीडिया स्टडीज घेतलंय, विषय मनापासून आवडतो पण लिहायला बसलं की अडकते. आम्हाला आधी न पाहिलेला एखादा फोटो नाहीतर जाहिरात देतात आणि विश्लेषण करा म्हणतात. मागच्या टेस्टला मोर्चाचा बातमीतला फोटो होता. मी लिहिलं की कॅमेरा उंचावर आहे, खाली गच्च गर्दी, चेहरे दिसत नाहीत, पुढे पोलिसांच्या हेल्मेटची रांग, आणि शेवटी स्टुअर्ट हॉलच्या थिअरीप्रमाणे प्रेक्षक याचे वेगवेगळे अर्थ लावू शकतात असं एक वाक्य टाकलं. मॅडमनी समासात लिहिलंय "हे दिसतंय, पण त्याचं काय?" आणि थिअरीच्या वाक्याखाली लाल रेघ. विचारलं तर म्हणाल्या थिअरी चिकटवू नकोस, वापर. पण वापरायची म्हणजे नेमकं काय करायचं? बार्थ, हॉल, गर्बनर हे अभ्यासक, अजेंडा सेटिंगची थिअरी, सगळ्यांच्या नोट्स आहेत, पाठही आहेत, तरी समोर फोटो आला की कुठलं कुठे घ्यायचं सुचतच नाही. घरी सगळ्यांना वाटतं सोपा विषय आहे, टीव्ही बघायचा आणि लिहायचं, त्यामुळे मार्क कमी आले की जास्तच लागतं. कुणी शिकलं किंवा शिकवलं असेल तर प्लीज उदाहरण देऊन सांगा.

प्रतिसाद १

मी हा विषय शिकवते. तुझी निरीक्षणं चांगली आहेत गं, ती टाकू नकोस. फक्त प्रत्येक निरीक्षण लिहिलं की ती गोष्ट मनात बदलून बघ. चिन्हशास्त्रात, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा मिळतो याच्या अभ्यासात, याला कम्युटेशन टेस्ट म्हणतात आणि माझ्या मते या पातळीला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

तुझाच फोटो घे. कॅमेरा खाली आणून गर्दीतच ठेवला असता, एका बाईचा चेहरा स्पष्ट आणि बाकीचे धूसर, तर? बघणाऱ्याने विचारलं असतं, ही का आलीय, हिचं म्हणणं काय आहे. उंचावरून तो प्रश्नच पडत नाही, तिथून दिसतो तो नुसता लोंढा आणि अडलेला रस्ता. आणि पोलिसांची पाठ आपल्याकडे असेल तर आपण आपोआप त्यांच्या बाजूने उभे राहतो, गर्दी आपल्यावर चालून येतेय असं वाटतं. हे लिहिलंस की मॅडमच्या "त्याचं काय"ला उत्तर मिळालं. बार्थचं डिनोटेशन-कनोटेशन तरी वेगळं काय आहे, हेल्मेटची रांग दिसते ते पहिलं, काहीतरी बिघडणार आहे असं वाटतं ते दुसरं.

आता थिअरी. हॉलने 1973 मध्ये जे मांडलं ते "लोक वेगवेगळे अर्थ लावतात" एवढंच नाहीये. बनवणारा एक अर्थ पुढे करतो, मग कुणी तो तसाच घेतं, कुणी अर्धा मान्य करून आपल्या अनुभवाने वळवतं, कुणी सरळ उलटा वाचतं. म्हणजे कोण आणि का हे तुला सांगावंच लागेल. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस, मागण्या पटतात पण रस्ता अडवणं पटत नाही असा माणूस, आणि स्वतः त्या मोर्चात चाललेली बाई. तिघांचं वाचन एकेका वाक्यात लिही, झाली थिअरी वापरून.

अजेंडा सेटिंग मात्र एका फोटोला लावू नकोस. मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी 1968 च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी तपासलं ते असं, की बातम्यांत ज्या मुद्द्यांवर भर असतो तेच मुद्दे मतदारांना महत्त्वाचे वाटतात का. त्याला ढीगभर बातम्या लागतात. गर्बनरही वर्षानुवर्षं भरपूर टीव्ही बघण्याच्या परिणामाबद्दल बोलतो, एका चित्राबद्दल नाही.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी सहमत, फक्त एक भर घालतो, थिअरीवर आणि तिच्या गाजलेल्या उदाहरणांवरही शंका घ्यायला शिक. 30 ऑक्टोबर 1938 ला ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक केलं, आणि लोक घाबरून रस्त्यावर आले ही गोष्ट मीडियाच्या थेट परिणामाचा पुरावा म्हणून कितीतरी जण लिहितात. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय की घबराट होती पण पेपरांनी रंगवली तेवढी अजिबात नव्हती. आणि रंगवणारे कोण, तर ज्यांच्या जाहिराती रेडिओ पळवत होता तेच पेपर. म्हणून फोटो आला की तो कुणी छापला, त्यांचा पैसा कुठून येतो, वाचक कोण हेही विचार. प्रश्नात माध्यमाचं नाव दिलेलं असेल तर ते वाया घालवू नकोस.

मूळ प्रश्न विचारणारी

खूप खूप आभार दोघांचे!! लगेच एका साबणाच्या जाहिरातीवर करून बघितलं. आई मुलाचे हात धुतेय, बाबा मागे सोफ्यावर. दोघांची अदलाबदल केली तर जाहिरात एकदम "बघा, आमचे बाबा किती वेगळे" अशी वाटायला लागली, म्हणजे आईने करणं इतकं नेहमीचं धरलंय की ते कुणाच्या डोळ्यातच येत नाही. हे रिप्रेझेंटेशनमध्ये, म्हणजे माणसं कशी दाखवलीत त्या भागात, लिहू का? आणि इथे लॉरा मल्वीची मेल गेझ, म्हणजे पुरुषी नजरेची थिअरी, येईल का, बाई आहे म्हणून?

प्रतिसाद १

रिप्रेझेंटेशनमध्येच लिही, आणि तू आत्ता लिहिलंस तसंच लिही, फार छान पकडलंयस. मल्वी नको. तिचा 1975 चा मुद्दा कॅमेरा बाईला बघण्याची वस्तू कशी करतो याचा आहे, इथे कॅमेरा तिच्या हातांवर आणि कामावर आहे. त्यापेक्षा जाहिरातीतलं घर बघ. बेसिन केवढं, फरशी कसली, मुलाच्या अंगावर कपडे कुठले, आणि हे घर साध्या एका खोलीचं केलं असतं तर साबण कुणाला विकला जातोय असं वाटलं असतं. ते लिहून इथेच टाक, मी वाचते.