बिटकॉइनचा पत्ता खरंच त्याचाच आहे हे मेसेज साइन करून कसं कळते?

वावरवाला_यवतमाळ:
राम राम मंडळी. आम्ही दोस्तायनं मिळून मागं थोडं बिटकॉइन घेतलं, पाकीट म्हंजे ते ठेवाचं ॲप एकाच्याच मोबाईलात. आता एकाले त्याचा हिस्सा पाह्यजे, कापसाचं पेमेंट अडकलं त्याचं, तं पाकीटवाला म्हणते पैसे हायेत ना बे, आन ग्रुपवर पत्ता टाकून मोकळा. एक्सप्लोररवर, म्हंजे कोणत्याबी पत्त्याचा हिशोब दाखवणाऱ्या साइटवर, पाह्यलं तं बॅलन्स बरोबर दिसते, पण पत्ता तं कोणाचाबी कॉपी करून टाकता येते ना? थोडेसे पाठवून दाखव म्हटलं तं फी लागते म्हणते. कोणी सांगतलं मेसेज साइन करून सिद्ध होते. हे काय असते, आन त्याच्यात किल्ली तं बाहेर नाई ना जात? पत्ता बीसी१क्यू नं सुरू होते.

संत्रावाडी:
नाई जात भाऊ. पाकिटातली प्रायव्हेट की, म्हंजे पैसे खर्च कराची गुप्त किल्ली, मेसेजवर गणित लावते आन ८८ अक्षरांची एक पट्टी निघते, शेवटी बरोबरचं चिन्ह असते. तो पत्ता, मेसेज आन पट्टी तिन्ही तुमाले देईन, तुमी आपल्या कॉम्प्युटरवर इलेक्ट्रम नावाच्या पाकिटाच्या ॲपमधे टूल्स मधे जाऊन साइन/व्हेरिफाय मेसेज उघडा, तिन्ही टाका, व्हेरिफाय दाबा. फी लागत नाई, ब्लॉकचेनवर, म्हंजे बिटकॉइनच्या सामायिक वहीत, काहीच जात नाई, म्हणजे फीचं कारण तं गेलंच.
फक्त मेसेज तुमी द्या, त्याले ठरवू देऊ नका. ग्रुपचं नाव, आजची तारीख, असं काही. नाई तं दुसऱ्या कोणाची जुनी पट्टी उचलून चिकटवली तरी ती व्हेरिफाय होतेच.

पूर्णाकाठ:
एक सांगतो, एक स्पेस जास्त पडली तरी फेल दाखवते, आन मग लोकं उगाच भांडत बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करताना मागं रिकामी ओळ येते ती काढजा. मराठीत लिहिलं तरी साइन होते पण साधं इंग्रजी अक्षरात ठेवलेलं बरं. आन बिटकॉइन कोर नावाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या साइनमेसेजमधे १ नं सुरू होणारे जुने पत्तेच चालतात, बीसी१ टाकला तं एरर येते, म्हणून तो खोटा असं समजू नका. इलेक्ट्रमचं पाकीट असलं तं बीसी१क्यू चालते. त्याचं ॲप दुसरंच असलं तं ज्या ॲपात साइन केलं त्यातच तपासा, बीआयपी-३२२ नावाची सगळ्या पत्त्यांसाठीची पद्धत आहे पण सगळ्या ॲपांत ती नाई.

मोहाचं_झाड:
मी थोडं वाकडं बोलतो. सातबाऱ्यावर नाव असते, पत्त्यावर नसते. सही जुळली म्हणजे किल्ली कोणाकडं तरी आहे एवढंच, तुमचा हिस्सा तो देईन का हे त्याच्यात कुठं लिहिलं? पण सही नाई देत म्हटलं तं मात्र समजून घ्या. क्रेग राइट नावाचा एक ऑस्ट्रेलियन माणूस २०१६ पासून मीच सातोशी, म्हंजे बिटकॉइन बनवणारा, म्हणत होता, जुन्या किल्लीनं सर्वांसमोर साइन करून दाखवणं काही जमलं नाई. उलट मे २०२० मधे, त्यानं कोर्टात आपले म्हणून दिलेल्या यादीतल्या १४५ पत्त्यांवरून कोणीतरी मेसेज साइन केला, का हा खोटारडा आहे आन या किल्ल्या त्याच्याकडं नाईत. मार्च २०२४ मधे लंडनच्या हायकोर्टानंबी म्हटलं, तो सातोशी नाई.

वावरवाला_यवतमाळ:
त्याले मेसेज लिहून देल्ला. आता म्हणते पाकीट नाई, एक्सचेंजच्या, म्हंजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या, ॲपात आहे, तिथं साइनचं बटनच नाई. खरं का?

संत्रावाडी:
बटन नाई हे खरं, एक्सचेंजवर किल्ली कंपनीकडं असते, त्याच्या हातात नसते. पण मग त्यानं पाठवलेल्या पत्त्यावर नेमकं तेवढंच बॅलन्स काऊन पडून आहे? एक्सचेंज तं आलेले पैसे बहुतेक आपल्या मोठ्या पाकिटात गोळा करते. स्क्रीनशॉट मागू नका, समोर बसवून ॲप उघडाले लावा, डिपॉझिटचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा, आन तिथंच हिस्सेवाल्याच्या पाकिटात त्याचा हिस्सा पाठवाले सांगा, फी सगळ्यायत वाटून घ्या.

वावरवाला_यवतमाळ:
रविवारी बोलावतो त्याले पारावर.