'लाइकली व्होटर'ला मराठीत काय म्हणावे, आणि 'कौल' नेमका कोणाचा?

अनुवादिका: अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांवरचा (ज्यांत पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात) एक लेख मराठीत आणताना मी 'लाइकली व्होटर' या शब्दापाशी अडले आहे. 'संभाव्य मतदार' लिहिले, तर संपादकांनी विचारले, की यादीत नाव असलेला प्रत्येकजण संभाव्यच नाही का? चाचणी घेणारे नोंदणीकृत मतदारांमधून मतदानाला खरोखर जातील असे लोक वेगळे काढतात, आणि प्राथमिक फेरीत मतदान थोडे होत असल्याने सगळा अंदाज या चाळणीवर अवलंबून असतो. शिवाय पुढचे वाक्य बरोबर आहे का, हेही सांगावे: '२०१६ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत कौल हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होता, पण बर्नी सँडर्स जिंकले.'

मालवणकर: ताई, हे वाक्य मला पटत नाही. आमच्याकडे गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी पडली की देवाचा होकार मिळाला असे मानतात. त्यानंतर वाद घालायचा नसतो. कौल म्हणजे शेवटचा शब्द, तेव्हा मिशिगनचा कौल सँडर्स यांनाच मिळाला. चाचणीला चाचणीच म्हणावे.

दप्तरदार: 'कौल' मूळचा अरबी, अर्थ 'बोल, वचन'. जुन्या कागदपत्रांतला कौलनामा म्हणजे रयतेला दिलेले अभयवचन. फोनवर 'मी अमुक उमेदवाराला मत देईन' असे सांगणारा माणूस शब्दच देत असतो, म्हणून चाचणीला कौल म्हणण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

शुद्धलेखक: 'जनमत चाचणी' हा सुबोध शब्द असताना अरबी वचनात कशाला अडकायचे?

दप्तरदार: मग 'कागद' वापरताना तो शब्द कुठून आला तेही तपासाल का? चारशे वर्षे मराठीत नांदलेला शब्द परका कसा?

न्यू हॅम्पशायरकर: मूळ प्रश्न मागे पडतो आहे. मिशिगनमध्ये लोकांनी शब्द फिरवला एवढेच घडले नाही, मतदारांची घडणच चुकीची धरली गेली. क्लिंटन चाचण्यांच्या सरासरीत सुमारे २० टक्क्यांनी पुढे होत्या आणि सँडर्स दीड टक्क्याने जिंकले, कारण तरुण मतदार अपेक्षेपेक्षा जास्त आले. शिवाय २००८ च्या तिथल्या प्राथमिक फेरीच्या मतपत्रिकेवर ओबामा यांचे नाव नसल्याने ताडून पाहायला मागचा भरवशाचा नमुनाही नव्हता. माझाच अनुभव सांगतो. नागरिकत्व मिळाल्यानंतरच्या पहिल्याच प्राथमिक निवडणुकीत मला फोन आला, 'मागच्या वेळी मत दिले होते का?' असे विचारले, मी 'नाही' म्हटले, आणि संभाषण तिथेच संपले. त्यांच्या चाळणीतून मी गळलो, पण मतदान मात्र केले. म्हणून 'संभाव्य'पेक्षा 'अपेक्षित मतदार' मला जवळचा वाटतो, कारण त्यात अपेक्षा करणारा कोणी दुसरा आहे हे कळते.

शुद्धलेखक: 'अपेक्षित' म्हटले की हवाहवासा असा अर्थ डोकावतो.

अनुवादिका: मला तर तो आवडू लागला आहे. मात्र पुढच्या परिच्छेदात २०२० चे साउथ कॅरोलायना येते. तिथल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते, आणि चाचण्यांनी बायडेन यांचा विजय बरोबर सांगितला, पण अंतर फार कमी धरले. तिथे कौल कोणाचा लिहू?

मालवणकर: मतदारांचा. चाचण्यांनी तो ओळखला, दिला मतदारांनीच.

दप्तरदार: दिला म्हणता ना? वचनच दिले जाते. माझा मुद्दा तोच आहे.