कमांड लाइनवर वेग हवा असेल, तर आधी शेलचे मूळचे शॉर्टकटच शिकावेत का?

मूळ मांडणी

कमांड लाइनवर, म्हणजे टंकलेल्या कमांड चालवणाऱ्या शेल या प्रोग्रामवर, नव्याने काम करू लागलेली बरीच मंडळी सुरुवातीलाच एलियस (कमांडची टोपणनावे), प्लगिन (जोडून घ्यायच्या सोयी) आणि सजवलेला प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्याच्या जागेआधी दिसणारी खूण) यांच्या मागे लागतात, पण लांबलचक कमांडच्या आरंभी जायचे असेल तर डाव्या बाणाची कळ दाबून धरतात. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. बॅश या शेलमध्ये ओळ संपादित करण्याचे काम रीडलाइन ही लायब्ररी करते आणि तिच्या मूळच्या कळा कोणतीही सेटिंग न बदलता चालतात. कंट्रोल-ए दाबले की कर्सर ओळीच्या आरंभी जातो, कंट्रोल-ई दाबले की शेवटी. कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द आणि कंट्रोल-यूने कर्सरच्या आधीचे सगळे पुसले जाते. पुसलेला मजकूर कंट्रोल-वायने परत आणता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अर्धी कमांड लिहून झाल्यावर आधी एखादी फाइल तपासायला हवी असे लक्षात आले, तर कंट्रोल-यूने ओळ बाजूला ठेवावी, तपासणी उरकावी आणि कंट्रोल-वायने ती परत घ्यावी. ऑल्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबल्यास मागच्या कमांडचा शेवटचा घटक आयता मिळतो. नवी डिरेक्टरी तयार करून लगेच तिच्यात शिरताना याचा फार उपयोग होतो.

आपण सजवलेला शेल आपल्या यंत्रापुरता असतो. या कळा मात्र परक्या सर्व्हरवरही चालतात आणि जीडीबीसारख्या डीबगरमध्येही (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या साधनातही).

प्रतिसाद १

शॉर्टकट शिकावेत हे मान्य, परंतु मूळच्याच कळा का, हे मला पटत नाही. त्या ईमॅक्स या संपादकाच्या वळणाच्या आहेत. जो दिवसभर व्हीआय किंवा व्हिम हा दुसऱ्या वळणाचा संपादक वापरतो, त्याने शेलपुरती वेगळी सवय लावून घेणे म्हणजे एकाच कामासाठी दोन भाषा बोलणे होय. बॅशमध्ये एका सेट कमांडने व्हीआयच्या कळांची पद्धत सुरू होते आणि झेडशेल हा दुसरा शेल तर सुरू होताना एडिटर या व्हेरिएबलमध्ये ‘व्हीआय’ ही अक्षरे आढळली की आपण होऊन ती पद्धत स्वीकारतो. शिवाय कंट्रोल सतत करंगळीने दाबावा लागतो आणि तासन्तास टंकणाऱ्यांच्या हाताला त्याचा ताण जाणवतो.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

करंगळीचा मुद्दा रास्त आहे; कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल नेमणे हा त्यावरचा जुना उपाय आहे. पण बॅशच्या व्हीआय पद्धतीत आपण लिहिण्याच्या स्थितीत आहोत की आदेशाच्या (जिथे कळा अक्षरे न उमटवता संपादनाचे आदेश ठरतात), हे प्रॉम्प्टवर आपोआप दिसत नाही. त्यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते. व्हिमची खरी ताकद लांब, अनेक ओळींच्या मजकुरात दिसते आणि तशी कमांड असेल तेव्हा कंट्रोल-एक्स, पाठोपाठ कंट्रोल-ई दाबल्यास बॅश ती ओळ थेट आपल्या आवडत्या संपादकात उघडतो. शेलची पद्धत न बदलता पूर्ण व्हिम हाती येते.

प्रतिसाद १

येते खरी, पण संपादकातून बाहेर पडताच बॅश ती कमांड विचारणा न करता चालवतो, हेही नवशिक्याला त्याच वेळी सांगायला हवे.

प्रतिसाद २

दोन्ही बाजू वेगाला टंकलेखनात शोधत आहेत, याबद्दल माझा आक्षेप आहे. कमांड लाइनवरचा बहुतांश वेळ कोणती कमांड द्यावी हे ठरवण्यात आणि तिचे उत्तर वाचण्यात जातो. जी लांब कमांड पुन्हा पुन्हा लागते, तिची स्क्रिप्ट असावी. ती इतिहासातून उकरून काढू नये. कंट्रोल-आर दाबून इतिहासात मागे शोधण्याची सर्वजण शिफारस करतात. त्याचा धोका कोणी का सांगत नाही? दोन अक्षरे टंकली, जुळणारी जुनी ओळ समोर आली आणि घाईने एंटर दाबले, की ती लगेच चालते. ती ओळ फाइली पुसणारी असेल, तर वाचवलेल्या क्षणांची किंमत फार मोठी पडते. शिवाय बॅश मुळात शेवटच्या ५०० कमांडच लक्षात ठेवतो, आणि हिस्टअपेंड हा पर्याय सुरू नसेल तर बंद होणारा टर्मिनल इतिहासाच्या फाइलवर आपली यादी नव्याने लिहितो, त्यामुळे शेजारच्या टर्मिनलमधले काम तिथून नाहीसे होऊ शकते. ज्याला तुम्ही स्मरणशक्ती मानता, ती इतकी कच्ची आहे.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

स्क्रिप्टबद्दल मी पूर्ण सहमत आहे. मात्र कंट्रोल-आरने ओळ सापडल्यावर एंटरऐवजी कंट्रोल-ई दाबले, तर ती न चालता संपादनासाठी समोर राहते आणि कर्सर शेवटी जातो. इतिहासातली ओळ वाचल्याशिवाय चालवू नये, ही सवय शॉर्टकटसोबतच शिकवली पाहिजे. उरला इतिहासाचा कच्चेपणा. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या तयार बॅशआरसी फाइलमध्ये (बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ही मर्यादा १००० असते आणि हिस्टअपेंडही सुरू असतो. पासवर्ड असलेली ओळ इतिहासात जाऊ नये म्हणून तिच्या आधी रिकामी जागा सोडण्याची सोयही तिथे चालू असते, आणि मला ती वेगापेक्षा महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद ३

कंट्रोल-आरमध्ये फार मागे गेल्यावर पुढे येण्यासाठी कंट्रोल-एस आहे, पण अनेक टर्मिनलांत ती कळ आधी प्रवाह-नियंत्रणाला (पडद्यावर येणारा मजकूर थांबवण्याच्या सोयीला) जाते आणि पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबले की तो सुटतो. नवख्याला टर्मिनल बिघडल्यासारखे वाटते आणि तो खिडकीच बंद करतो, म्हणून कंट्रोल-क्यू ही एक कळ कंट्रोल-आरच्या आधी सांगावी.

प्रतिसाद २

एंटरऐवजी कंट्रोल-ई, एवढे मी स्वीकारतो. उत्पादन सर्व्हरवर (प्रत्यक्ष वापरात असलेल्या सर्व्हरवर) मात्र पुसणाऱ्या कमांड इतिहासातून घेऊच नयेत आणि प्रत्येक वेळी फाइलच्या पूर्ण मार्गासह (पत्त्यासह) नव्याने लिहाव्यात, या मतावर मी कायम आहे. तिथे सावकाश टंकणे हेच हवे आहे.